स्वयंपाकघराचं काम काढायचंय: माप कसं आणि काय काय घ्यायचं? (शहापूर, बेळगाव)

शहापुरी
नमस्कार मंडळी. शहापुरातलं जुनं घर, जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती. स्वयंपाकघर १०.२ बाय ८.४. सध्या कडप्प्याचा सरळ ओटा आहे. तो काढून एल आकाराचा करायचाय, खाली ट्रॉल्या, वर कपाटं. दोघा-तिघांकडून कोटेशन मागवणार आणि सगळ्यांना एकच माप देणार, म्हणजे दर एकमेकांशी ताडून बघता येतील. नक्की काय मोजायचं आणि कुठून कुठवर? टेप आहे, लागलं तर लेसर मागवतो.

गुण्या_निपाणी
आधी एक सांगा, ८.४ म्हणजे ८ फूट ४ इंच की आठ पूर्णांक चार दशांश फूट? ८ फूट ४ इंच म्हणजे २५४० मिमी, ८.४ फूट म्हणजे २५६०. इथंच दोन सेंटिमीटरचा घोळ. पुढं ८ फूट १० इंच कुणी ८.१० लिहिलं आणि कारखान्यातल्या पोरानं ते तसंच यंत्रात घातलं, तर २६९२ च्या जागी २४६९ येतंय. मग कपाट आलं की कडेला वीतभर भोक.
सुतार फूट-इंच-सुतात बोलतो, मॉड्युलरवाला मिमीत. तुम्ही टेपवरून थेट मिमीतच वाचा आणि मिमीतच लिहा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिमीच्या आत-बाहेर. मागनं रूपांतर करत बसलं की सुता-सुतानं माप सरकतंय.
दुसरं असं की कागदावर शब्द कमी, बाण आणि आकडे जास्त ठेवा. आपल्याकडं गवंडी कन्नड वाचणारा, सुतार बऱ्याचदा राजस्थानी, घरात मराठी. "खिडकीच्या अलीकडं" हे कुणालाच कळत नाही. दारात उभं राहून घड्याळाच्या दिशेनं भिंतींना अ, ब, क, ड नावं द्या आणि प्रत्येक भिंतीवर पेन्सिलनं ते अक्षर लिहा. मग फोटो काढा. फोटोत अक्षर दिसलं की भिंतीची अदलाबदल होत नाही.

शहापुरी
८ फूट ४ इंचच. मिमीत परत घेतो. प्रत्येक भिंत एकदा मोजली की झालं ना?

गुण्या_निपाणी
एकदा मोजून चालत नाही हो, जांभ्याच्या भिंतीला तर मुळीच नाही. चिरा खडबडीत असतोय, गवंडी प्लास्टर जाड-पातळ करून सरळ दाखवतो. प्रत्येक भिंतीची लांबी तीन उंचींवर घ्या: तळाला स्कर्टिंगच्या वर, ओट्याच्या उंचीला म्हणजे ८५० मिमीच्या आसपास, आणि वरच्या कपाटाच्या उंचीला, २००० मिमीच्या आसपास. तिन्ही लिहा, सरासरी काढू नका. कपाट दोन भिंतींच्या मध्ये बसणार असेल तर त्यातलं सगळ्यात लहान माप धरायचं.
टेप स्टीलची, ५ मीटरची. शिंप्याची कापडी टेप ताणते, ती नको. टेपच्या टोकाचा आकडा (हूक) किंचित हलतो म्हणून तो ठोकून घट्ट करू नका. त्याच्या पत्र्याच्या जाडीइतकीच ती ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते, ढकलून आणि ओढून घेतलेलं माप सारखं यावं म्हणून.
कोपऱ्यात टेप वाकवून "साधारण इतकं" असं वाचणं बंद. एका भिंतीपासून १००० मिमीवर पेन्सिलची खूण करा, समोरच्या भिंतीपासून त्या खुणेपर्यंत मोजा आणि १००० मिळवा. कोपऱ्यातली दोन-तीन मिमीची चूक तिथंच मरते.
लेसर मागवलात तर माप त्याच्या मागच्या कडेपासून धरलंय की पुढच्या, हे पडद्यावरच्या चिन्हावरून बघून घ्या. यंत्राची लांबीच धरायची राहिली की दहा-बारा सेंटिमीटर गेले. चकचकीत टाइल किंवा काचेवर ठिपका पाडू नका, समोर पुठ्ठा धरायला लावा.

कडप्पा_ग्रॅनाइट
कर्ण विसरू नका. दगडवाल्याच्या दृष्टीनं लांबी-रुंदीपेक्षा कोपरा महत्त्वाचा, कारण लाकूड रंधून बसवता येतं, ग्रॅनाइट नाही.
कोपऱ्यातून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, तिरपं ५ फूट आलं की काटकोन. ४ फूट ११ इंच आलं तर कोपरा सुमारे २ अंशांनी अरुंद आहे. २४ इंच खोलीच्या ओट्याला त्याचा फरक पाऊण इंचाच्या वर पडतो. खोलीचे दोन्ही पूर्ण कर्णही घ्या, जमिनीवर आणि ओट्याच्या उंचीला.

शहापुरी
ही घ्या मापं, मिमीत.
अ (खिडकीची): तळ ३१०५, मध्य ३०९०, वर ३०९८.
ब: तळ २५४०, मध्य २५२८, वर २५४५.
क आणि ड भिंती यांच्याच जोडीच्या, पाच-सात मिमी इकडेतिकडे.
ओट्याच्या उंचीचे कर्ण: अ-ब कोपऱ्यापासून समोरचा ४०१२, दुसरा ३९७३.
एल अ आणि ब भिंतींना लागूनच करायचाय.

कडप्पा_ग्रॅनाइट
छान. कर्णांत ३९ मिमीचा फरक आहे. लांब कर्ण ज्या दोन कोपऱ्यांना जोडतो ते काटकोनापेक्षा अरुंद असतात, म्हणजे तुमचा अ-ब कोपरा अरुंद, अर्ध्या अंशाच्या जरा वर. ६०० मिमी खोलीला फरक ६ मिमी, पण ब भिंतीच्या पूर्ण लांबीला २५ मिमी.
यात नशीब एवढंच की अरुंद कोपऱ्यात चौकोनी खोका ठेवला की त्याची पुढची कड भिंतीला टेकते आणि फट मागं राहते. ती ग्रॅनाइटखाली झाकली जाते. रुंद कोपरा असता तर फट पुढं, डोळ्यासमोर आली असती. दगड मात्र कोपऱ्याच्या खऱ्या कोनातच कापायला हवा. एलच्या दोन लाद्यांचा जोड काटकोनी धरून कापला की एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला ६ मिमी उघडा. मग तिथं रेझिन भरून काळी रेघ. मसाल्याची पिवळी रेघ व्हायला वेळ लागत नाही.

गुण्या_निपाणी
आणि कोपऱ्यात ५० मिमीची फिलर पट्टी धराच. एलच्या दोन्ही बाजूंचे ड्रॉवर कोपऱ्यात एकमेकांच्या मुठींना आपटतात. नकाशावर मुठी दिसत नाहीत, म्हणून हे काम झाल्यावरच लक्षात येतंय.

नळजोड
जमिनीची पातळी कुणीच विचारली नाही. जुन्या घरात फरशीचा उतार मोरीकडं दिलेला असतो. तेव्हा उंची फरशीपासून मोजायची नाही, एक आडवी रेघ मारून तिच्यापासून मोजायची.
पारदर्शक नळी घ्या, १० मिमीची, आठ-नऊ मीटर. एका टोकातून पाणी भरा आणि आतले बुडबुडे सगळे काढा. एक बुडबुडा राहिला तरी पातळी खोटी. फरशी जिथं सगळ्यात उंच वाटते तिथं १००० मिमीवर खूण करा, नळीनं तीच पातळी चारी भिंतींवर न्या, दोऱ्याला काव लावून रेघ मारा. आता प्रत्येक कोपऱ्यात रेघेपासून खाली फरशीपर्यंत आणि वर छतापर्यंत मोजा. खिडकीची खालची चौकट, नळ, सांडपाण्याचं भोक, स्विच, सगळ्यांची उंची याच रेघेपासून लिहा.

शहापुरी
नळी लावून घेतलं. रेघेपासून फरशीपर्यंत: अ-ब कोपरा १०००, ब-क १००८, क-ड १०२२ (दार आणि मोरी इथंच), ड-अ १०१२.

नळजोड
म्हणजे २२ मिमी उतार. तुमचा एल अ आणि ब भिंतींना आहे, त्यामुळे ओट्याखाली १२ मिमीचाच फरक येईल. कपाटाच्या प्लास्टिक पायांचा स्क्रू तेवढा सहज खाऊन टाकतो. फ्रिज क-ड बाजूला ठेवणार असाल तर त्याच्या पुढच्या पायांखाली बघावं लागेल.
फरशी बदलणार का? जुनीवरच नवीन टाइल चिकटवली की जमीन १२ ते १५ मिमी वर येते. काढून सिमेंट-वाळूत बसवली तर पातळी तुम्ही ठरवाल तशी. ओट्याची उंची नेहमी नव्या फरशीपासून धरा. दाराखालची फटही आत्ताच मोजून ठेवा, नाहीतर टाइल बसली की दार घासतं.
सिंकचं: सांडपाण्याच्या पाइपाचा मध्य कोपऱ्यापासून किती आणि रेघेपासून किती खाली, हे दोन्ही आकडे हवेत. कड नाही, मध्य. सिंक सरकवणार असाल तर फुटाला पाव इंच उतार धरा. ६ फूट सरकवलं की दीड इंच उंची गेली. भिंतीबाहेरच्या चेंबरची पातळीही त्याच नळीनं खिडकीतून बाहेर नेऊन मोजा. आत उतार मिळतो आणि बाहेर पाइप चेंबरच्या पाण्यात बुडतो, असं पावसाळ्यातच कळतं.
नळाला रोज पाणी न येणाऱ्या भागात असाल तर पिंपाची जागा नकाशात दाखवा. पिंपाचा व्यास अधिक वाटी घालायला वर मोकळी ५०० मिमी उंची. मॉड्युलरवाले पिंप मोजत नाहीत.

टिळकवाडीची_वैनी
भिंती मोजून झाल्या असतील तर आता माणसं मोजा. स्वयंपाक करणाऱ्यानं चपला घालून किंवा काढून, जशी सवय असेल तसं ताठ उभं राहायचं, कोपर वाकवायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. त्यातून ४ ते ६ इंच वजा केले की चिरण्या-मळण्याच्या ओट्याची उंची. कोपर ३८ इंचांवर असेल तर ओटा ३३. सगळ्यांना सरसकट ३४ लावतात, ते कॅटलॉगमधल्या बाईसाठी.
शेगडी ओट्यावर ठेवायची तर बर्नरची उंची ५-६ इंच वर जाते, त्यावर आमटीचं पातेलं, मग पळी फिरवताना खांदा वर. शेगडीपुरता ओट्याचा तुकडा ४ इंच खाली घ्या. दगडात कापून बसवायची शेगडी, म्हणजे हॉब असेल तर गरज नाही.
ज्वारीच्या भाकरीचं वेगळंच. भाकरी थापताना जोर खांद्यातून येतो, म्हणून परातीसाठी पृष्ठभाग ३० इंचांपर्यंत हवा. ड्रॉवरसारखी सरकती फळी दाखवतात त्याला भुलू नका, थापण्याच्या दणक्यानं चॅनेल (सरकत्या पट्ट्या) महिन्याभरात सैल होतात. एका टोकाला पक्का कडप्पा खाली घ्यायचा, परातीच्या व्यासापेक्षा ४ इंच रुंद.
मग भांडी. सगळ्यात मोठी परात, सगळ्यात उंच डबा, मिक्सर जारसकट, कुकर झाकणासकट. चार आकडे लिहून सुतारासमोर ठेवा. ८ इंची ट्रॉलीत मोठा कुकर मावला नाही की तो कायमचा ओट्यावरच.

शहापुरी
वैनी, हे कुठल्याच कोटेशनवाल्यानं विचारलं नसतं. परात १७ इंची आहे. ट्रॉलीची मापं कशी धरायची? एकजण म्हणतो जुना कडप्प्याचा सांगाडा ठेवून त्यातच बसवू.

गुण्या_निपाणी
परात १७ इंची असेल तर भाकरीचा कट्टा २१ इंच रुंद धरा. आता ट्रॉली. बाजारात स्टीलच्या बास्केट १५, १७, १९, २१ इंच रुंद मिळतात, खोली बहुतेक २० इंच, उंची ४, ६, ८. टेलिस्कोपिक चॅनेल दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच खातंय. म्हणजे आतला गाळा बास्केटपेक्षा १ इंचानं मोठा, वर दोन-चार मिमी मोकळीक. १८ मिमी प्लायचा ६०० मिमी खोका घेतला तर आत ५६४ राहतात, त्यात २१ इंची बास्केट बसते. ४५० च्या खोक्यात ४१४ राहतात, त्यात १५ इंची.
जुन्या कडप्प्यात बसवायची तर प्रत्येक गाळा सहा ठिकाणी मोजा: वर आणि खाली, पुढं, मध्ये आणि मागं. उभा कडप्पा ओळंब्यात क्वचितच असतोय. पुढं ४३५ आणि मागं ४२५ असा गाळा निघाला तर १५ चीच घ्या आणि दोन्ही बाजूंना प्लायची पट्टी मारून चॅनेल समांतर करा. चॅनेल थेट कडप्प्याला लावणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.
तुमचं मधलं माप ब भिंतीला २५२८. त्यातून कोपऱ्याचा ६००, फिलर ५०, टोकाला भिंतीशी १० मिमी मोकळीक सोडली की १८६८ उरतात. त्यात ६०० चे तीन खोके आणि ६८ मिमीची पट्टी, किंवा ६००, ६००, ४५० आणि २०० ची बाटल्यांची ट्रॉली. १८ मिमी सुद्धा कुठं जातात ते कागदावर लिहा.

वायरमन_चिकोडी
पॉइंट मोजताना बोर्डाचा मध्य आणि त्याचा वापर दोन्ही लिहा. इंडक्शन २००० वॉटचं असतं, २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढतं. ६ अँपिअरच्या सॉकेटवर ते चालत नाही, १६ चं हवं आणि त्याला ४ स्क्वेअर मिमीची वेगळी वायर. मायक्रोवेव्ह, ओव्हन, गीझर यांनाही प्रत्येकी स्वतंत्र. आधी सगळ्यांची बेरीज करा आणि हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) बिलावरचा मंजूर भार बघा.
ओट्यावरचे बोर्ड दगडाच्या वर किमान ८ इंच, सिंकपासून जितके लांब तितके बरे. चिमणीचा पॉइंट चिमणीच्या डक्टमागं येऊ नये. चिमणी बर्नरपासून ६५ ते ७५ सेमी वर आणि डक्ट ६ इंची, तेव्हा भोक कुठल्या भिंतीतून जाणार ते आत्ताच ठरवा. दीड फुटाच्या जांभ्याच्या भिंतीला ६ इंची भोक पाडायचं काम कपाटं बसल्यावर काढलं तर लाल धूळ सगळ्या ड्रॉवरांत.

खानापूर_कौलारू
यातच विचारून घेतो. आमचं स्वयंपाकघर मागच्या पडवीत, वर मंगलोरी कौलं, उतरतं छप्पर. उंच बाजूला ११ फूट, खालच्या भिंतीला पावणेसात. वरची कपाटं कशी मोजायची?

गुण्या_निपाणी
ओटा ३३ इंच, त्यावर मोकळे २२ इंच, म्हणजे कपाट ५५ इंचांवर सुरू. पावणेसात फूट म्हणजे ८१ इंच. भिंतीवरच्या पाट्याची जाडी वजा करा, वासे कुठवर खाली येतात तेही बघा. २० इंच उरले तरी चालेल, पण माप फक्त भिंतीलगत नका घेऊ. कपाटाची खोली १२-१४ इंच, तेव्हा भिंतीपासून १४ इंच पुढं येऊन ओळंबा सोडा. तिथं वासा आणखी वर असणार, पण चौकोनी कपाटाला भिंतीलगतचं लहान मापच धरायचं. दार वर उघडणारं असेल तर पूर्ण उघडल्यावर त्याची कड वाशाला लागते का तेही बघा.
खानापूरचा पाऊस बघता कपाट भिंतीला टेकवून ठोकू नका. मागं २०-२५ मिमीची पट्टी मारून हवा खेळू द्या. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचं, पार्टिकल बोर्ड फुगतो. आणि जांभ्यात स्क्रूसाठी भोकात बसवायचा साधा प्लास्टिकचा रावळ धरत नाही, चिरा मऊ आणि भोकाभोकाचा. लांब स्क्रू किंवा केमिकल अँकर, नाहीतर भिंतीभर एक लाकडी पट्टी बसवून वजन तिच्यावर वाटून द्यायचं. मातीच्या गाऱ्यात बांधलेली भिंत असेल तर सांध्यात भोक पाडूच नका, चिऱ्याच्या मधोमध पाडा. शहापूरवाल्यांनाही हेच लागू.

शहापुरी
खिडकी राहिली. चौकट फरशीपासून ७६० वर, पल्ले आत उघडतात. ओटा ८४० होतोय.

नळजोड
म्हणजे ओटा खिडकीच्या ८० मिमी वर जाणार आणि आत उघडणारे पल्ले दगडाला अडणार. खालची ८० मिमी पट्टी बुजवून पल्ले कापून घ्या किंवा सरकती खिडकी करा. सिंक तिथंच असेल तर नळाची उंचीही मोजा. हंसाच्या मानेसारखा नळ ३०० मिमी वर जातो, त्यावर पल्ला उघडत नाही.

टिळकवाडीची_वैनी
गॅस सिलिंडरही लिहा. रेग्युलेटर लावून त्याची उंची टेपनं मोजा, व्यास ३२ सेमीच्या आसपास असतो. कपाटाचं दार ४०० मिमी तरी मोकळं हवं, आत-बाहेर करताना वाकडं करावं लागू नये. सुरक्षा नळी जास्तीत जास्त दीड मीटर, ती सिलिंडरपासून शेगडीपर्यंत न ताणता पोचते का बघा. शेगडी सिलिंडरपेक्षा वर. त्या कपाटाच्या दाराला खालच्या बाजूला भोकं ठेवायला लावा, गळलेला गॅस हवेपेक्षा जड, तळाशीच साचतो.

शहापुरी
प्लास्टर खरवडून नवीन करायचा विचार आहे. मग ही मापं वाया?

कडप्पा_ग्रॅनाइट
कोटेशनसाठी हीच चालतील. खोके कापायला मात्र प्लास्टर वाळल्यावर परत मोजायचं. जुनं किती निघेल आणि नवीन १२ होईल की २०, हे गवंड्यालाही आधी सांगता येत नाही. कोटेशनच्या कागदावर "अंतिम माप प्लास्टरनंतर" लिहून घ्या आणि मापावर सही कोणाची ते ठरवा. सही मोजणाऱ्याची असली की खोका बसला नाही तर बदलून देणं त्याच्याकडे.
दगडाचं माप तिसऱ्यांदा, खालचे खोके बसल्यावर, पुठ्ठ्याचा साचा कापून. जाडी १६-१८ मिमी, पुढं २५ मिमी बाहेर. इलकलचा लाल घ्या नाहीतर काळा, कापायच्या आधी सिंक आणि हॉब प्रत्यक्ष दुकानात आणून द्या. त्यांच्या पेटीवरच्या कटआउटच्या मापावर कापू नका, वस्तू उलटी ठेवून कडेनं पेन्सिल फिरवा आणि रेघेच्या आत १० मिमीवर कापा. भोकाच्या कोपऱ्यांना गोलाई ठेवा, टोकदार कोपऱ्यातून दगड तडकतो. सिंकपुढची पट्टी किमान ६० मिमी राहायला हवी.

शहापुरी
सिंक २४ बाय १८ इंची आहे, ओट्याची खोली ६००. पट्टी बसेल?

कडप्पा_ग्रॅनाइट
१८ इंच म्हणजे ४५७. कटआउट ४३७ धरा. ६२५ च्या दगडात १८८ उरले. मागं नळासाठी १०० ठेवा, पुढं ८८ येतात. बसतं. फक्त खालच्या खोक्याची मागची पट्टी नळाच्या नटाला अडणार नाही हे सुताराला आधी सांगा.